आजीचं उत्तर उशिरा का आलं?

मुलांनो, २०२१ च्या जानेवारीतली गंमत सांगते. करोनामुळे शाळा बंद. म्हणून स्नेहसंमेलन मोबाईलवरच घ्यायचं ठरलं. व्हिडिओ सभेची लिंक सगळ्यांना धाडली; पण आमच्या सभेत जागा फक्त १००! निम्मे आजी-आजोबा, मामा-मावश्या दाराबाहेरच राहिले. तिसरीतली एक चिमुरडी तर रडवेलीच झाली. तिची आजी आत येऊ शकली नव्हती ना!

जागा अशा मोजक्या का बरं? व्हिडिओ सभेत प्रत्येकाचं चित्र नि आवाज इतरांकडे पोचवावा लागतो, तोही लगेच. दहाजणांनी एकमेकांना पाहायचं, तर ९ गुणिले १०, म्हणजे ९० चित्रं! शंभरजण झाले की ९,९००. पडद्यावर एका वेळी थोडेच चेहरे दाखवून हा भार कमी करतात, तरी तो उरतोच.

थेट प्रक्षेपणात एकच चित्र निघतं. यूट्यूबसारखी सेवा त्याचे काही सेकंदांचे तुकडे पाडते आणि तेच तुकडे लाखोंना वाटते. चित्र अडखळू नये म्हणून पुढचे तुकडे थोडे साठवून मग दाखवतात. त्यामुळे ते कधी पाच-दहा, तर कधी वीस-तीस सेकंद उशिरा दिसतं. नाव मात्र ‘थेट’ बरं का!

मोठ्या सभेसाठी या दोन्हींची सांगड घालतात. बोलणारे सभेत, बघणारे प्रक्षेपणावर. सर्वोच्च न्यायालयानं २७ सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठांच्या सुनावण्या अशाच सर्वांना दाखवायला सुरुवात केली. पहिल्याच दिवशी महाराष्ट्रातल्या सत्तासंघर्षाचं प्रकरणही होतं. वकील व्हिडिओवरून बोलू शकतात, आपण नुसतं बघायचं. न्यायालयात ते ठीकच. पण स्नेहसंमेलनात आजीला नुसतं बघायला बसवायचं?

पुढच्या रविवारी आम्ही अशी जोडसभा घेतली. सुरुवातीलाच घोटाळा! एका काकांनी सभा आणि प्रक्षेपण दोन्ही सुरू ठेवलेलं. माझा ‘नमस्कार’ वीस सेकंदांनी मलाच ऐकू आला!

मग कोडी घातली. प्रक्षेपण बघणाऱ्यांनी उत्तरं लिहून पाठवायची होती. मी थोडी थांबले नि दुसरं कोडं घातलं. तोच आजीचं उत्तर आलं, ‘नारळ’. सगळे हसले. चिमुरडी ओरडली, “बाई, ते आधीच्या कोड्याचं आहे!”

खरंच की! मग एका बाईंना उत्तरं वाचायला बसवलं, आणि प्रत्येक कोड्यानंतर अर्धा मिनिट थांबू लागलो. तिसऱ्या कोड्याला आजी अगदी वेळेवर! उत्तर चुकलं, ते सोडा.