रेडिओ-दुर्बिणीचा कान पारखताना

बाजारात मडके घेताना गृहिणी ते बोटांनी वाजवून पाहते. घरी आणून पाणी भरल्यावर चीर कळली तर काय उपयोग? रेडिओ-दुर्बिणीच्या रिसीव्हरचा व्यवहारही असाच आहे. मात्र येथे ‘घर’ समुद्रसपाटीपासून ५००० मीटर उंचीवर असते.

दक्षिण अमेरिकेतील चिली देशात, अटाकामाच्या वाळवंटी पठारावर ‘आल्मा’ नावाची वेधशाळा आहे. तिचे उद्घाटन २०१३ साली झाले. तिच्या ६६ तबकड्या अवकाशातून येणाऱ्या मिलिमीटरभर व त्याहूनही आखूड लांबीच्या लहरी टिपतात. पाहणाऱ्याला तबकडी दिसते व कौतुकही तिचेच होते; परंतु तबकडी लहरी गोळा करून देते एवढेच. ऐकणारा कान म्हणजे तिच्या पोटातील रिसीव्हर. धातूच्या एका निर्वात पिंपात निरनिराळ्या लहरींसाठी निरनिराळी नळकांडी बसवलेली असतात व त्यांचा ऐन भाग उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवलेला असतो.

इतकी थंडी कशासाठी? कोणतीही उबदार वस्तू स्वतःच रेडिओ-लहरी सोडत असते, आणि रिसीव्हरही याला अपवाद नाही. त्याचा स्वतःचाच गोंगाट मोठा असेल तर आकाशाची कुजबूज त्यात बुडून जाते. (आपल्या नारायणगावजवळच्या खोडद येथील ३० तबकड्यांना अशी थंडी लागत नाही. त्या मुख्यतः मीटरभर लांबीच्या लहरी ऐकतात, आणि तेथे आकाशगंगेचाच गोंगाट पुष्कळ असतो.)

‘आल्मा’ची नळकांडी कॅनडा, अमेरिका, फ्रान्स, नेदरलँड्स, जपान अशा देशांत तयार झाली. ती पिंपात बसवून पारखण्याचे काम अमेरिका, इंग्लंड व तैवान येथील तीन केंद्रांत झाले.

मुख्य परीक्षा मोठी गमतीची आहे. रिसीव्हरसमोर प्रथम खोलीच्या तपमानाचा, लहरी शोषणारा काळा स्पंज धरतात. नंतर तसाच स्पंज द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवून धरतात. निरपेक्ष शून्यापासून मोजले तर पहिला २९५ अंशांवर व दुसरा ७७ अंशांवर असतो. दोन्ही वेळा येणारी शक्ती मोजायची. समजा, पहिली दुसरीच्या तिप्पट भरली. रिसीव्हरचा स्वतःचा गोंगाट दोन्हींत सारखाच मिसळलेला आहे. तेव्हा कोणत्या संख्येत २९५ मिळवले असता ती संख्या अधिक ७७ यांची तिप्पट होते, एवढेच शोधायचे. उत्तर ३२ अंश. शक्ती केवळ दुप्पट भरली तर उत्तर १४१ येते, आणि असा कान फारच गोंगाटी समजावा. एकूण गोंगाट दुप्पट झाला की तोच वेध तितक्याच बारकाईने घेण्यास चौपट वेळ लागतो. एका रात्रीचे काम चार रात्रींवर जाते.

तथापि, एकदा चांगला आकडा आला म्हणून भागत नाही. तबकडी क्षितिजापासून माथ्यापर्यंत कलते व तिच्याबरोबर पिंपही कलते. एखादी तार ताणली गेली, एखादा जोड किंचित सैल झाला, तर आकडे डळमळू लागतात. म्हणून प्रयोगशाळेत संपूर्ण पिंप कलत्या चौकटीवर बसवून निरनिराळ्या कोनांत मोजणी करतात. वेध चालू असता यंत्राची शक्ती आपोआप सरकत नाही ना, हेही दीर्घकाळ मोजून पाहतात. माझ्या मते खरी कसोटी हीच. गोंगाट थोडा अधिक असला तर अधिक वेळ देऊन भागवता येते. चंचल यंत्राला कितीही वेळ दिला तरी भरवसा येत नाही.

एवढी खटपट कारखान्याजवळच का करायची, हे पठारावर गेलेल्यास सांगावे लागत नाही. तेथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या निम्म्याच्या आसपास. बारीक स्क्रू हाताळण्याची ती जागा नव्हे. शिवाय पिंप उघडायचे तर आधी ते उबदार करावे लागते व मग पुन्हा थंड करावे लागते. त्यात दिवस मोडतात.

म्हणून प्रत्येक पिंपाबरोबर त्याच्या मोजणीचे टिपणही रवाना होई. २९०० मीटरवरील खालच्या तळावर पेटी उतरली की प्रथम पुन्हा मोजणी होई. आकडे टिपणाशी जुळले तर पिंप तबकडीवर चढे. न जुळल्यास बिघाड वाटेत झाला असे समजून तेथेच शोध सुरू होई.