शेळीतील गाभणपणाची प्रारंभिक लक्षणे : ओळख व मर्यादा

प्रस्तावना :
शेळीपालन हा अल्पभूधारक व भूमिहीन कुटुंबांच्या उपजीविकेचा महत्त्वाचा आधार आहे. महाराष्ट्रात संगमनेरी व उस्मानाबादी शेळ्या दूध व मांस या दोन्ही हेतूंनी पाळल्या जातात. शेळी गाभण आहे की नाही, हा निर्णय चुकल्यास रिकामी शेळी महिनोन्महिने पोसावी लागते किंवा गाभण शेळी भाकड समजून बाजारात विकली जाते. दोन्ही परिस्थितींत पशुपालकाचे एक वेत वाया जाते. म्हणूनच प्रारंभिक लक्षणांचा अर्थ व त्यांच्या मर्यादा समजून घेणे आवश्यक ठरते.

प्रारंभिक लक्षणे :
शेळीचे माजचक्र सुमारे २१ दिवसांचे, तर गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा असतो. बोकड दाखविल्यानंतर १८ ते २४ दिवसांत शेळी पुन्हा माजावर न येणे, हे पहिले लक्षण होय. वारंवार ओरडणे, शेपटी हलविणे, चिकट स्राव येणे ही माजाची चिन्हे या काळात दिसत नाहीत. पुढे शेळी शांत होते व दुभत्या शेळीचे दूध हळूहळू घटते. पोटाचा आकार व कासेची वाढ मात्र उत्तरार्धातच स्पष्ट होते. त्यामुळे ती प्रारंभिक लक्षणे मानता येत नाहीत.

लक्षणांच्या मर्यादा :
माज न दिसणे म्हणजे गर्भधारणा, असे समीकरण मांडणे धोक्याचे आहे. ऋतुमान, कुपोषण व प्रजननसंस्थेचे विकार यांमुळेही माज थांबतो. छद्म-गर्भधारणेत तर गर्भाशयात केवळ द्रव साचतो. माज थांबतो, पोटही वाढते, परंतु गर्भ नसतो. दुधातील प्रोजेस्टेरॉनची पातळी २१व्या दिवसाच्या सुमारास कमी आढळल्यास शेळी गाभण नाही, असे बहुधा म्हणता येते. पातळी जास्त असणे मात्र गर्भाचा पुरावा नव्हे, कारण छद्म-गर्भधारणेतही ती जास्तच असते. गाईप्रमाणे गुदमार्गातून हात घालून शेळीची तपासणी करता येत नाही. म्हणून ४० ते ४५ दिवसांच्या सुमारास पोटावरून केलेली सोनोग्राफी अधिक विश्वासार्ह ठरते.

समारोप :
खात्री होईपर्यंत शेळी गाभण आहे असे गृहीत धरूनच औषधोपचार करावेत. शेळीचा गर्भ संपूर्ण काळ पीतपिंडाच्या संप्रेरकावर टिकून असतो; त्यामुळे माज आणण्यासाठी दिलेल्या प्रोस्टाग्लँडिनच्या इंजेक्शनाने गर्भपात होऊ शकतो. फळविल्याची तारीख, २१व्या दिवसाचे निरीक्षण व सोनोग्राफीचा निष्कर्ष या तीन नोंदी ठेवल्यास विण्यापूर्वी सुमारे दोन महिने शेळी आटविणेही वेळेवर साधते. लक्षण हे संशयाला दिशा देते. निर्णय मात्र तपासणीनेच व्हावा.