डोनेपेझिलची जन्मकथा

स्मृतिभ्रंश झालेल्या आईला भेटावयास मुलगा आला, तेव्हा तिने त्याला, तुम्ही कोण, असे विचारले. मी तुझा हाचिरो, असे त्याने सांगितले. त्यावर, मलाही हाचिरो नावाचा एक मुलगा आहे, असे ती उत्तरली. हे हाचिरो सुगिमोतो जपानमधील एझाई या औषध कंपनीत संशोधक होते. नऊ भावंडांतील ते आठवे. १९६१ मध्ये शालेय शिक्षण संपताच नोकरीस लागले आणि पदवी त्यांनी रात्रीच्या वर्गांत बसून मिळविली.

अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत असिटिलकोलिन हे संदेशवाहक द्रव्य कमी पडते, हे १९७६ च्या सुमारास ब्रिटनमधील संशोधनातून पुढे आले होते. स्मरण व शिकणे या क्रियांना या द्रव्याची आवश्यकता असते. काम झाल्यावर एक विकर त्याचे विघटन करते. या विकरालाच आवर घातला, तर उरलेसुरले द्रव्य अधिक काळ टिकेल, असा विचार पुढे आला. नळाची धार बारीक झाली, तर बादलीचे भोक बुजवावे, तसाच हा उपाय. धार पुन्हा मोठी करण्याचे सामर्थ्य त्यात नाही.

सुगिमोतो यांच्या गटाने १९८३ मध्ये त्सुकुबा येथील प्रयोगशाळेत या दिशेने काम सुरू केले. टॅक्रिन हे त्या प्रकारचे द्रव्य ज्ञात होते. परंतु ते यकृताला अपायकारक होते आणि त्यात फेरफार करूनही काही साधले नाही. मग योगायोग मदतीस आला. धमनीकाठिण्यावरील औषधाच्या शोधात तयार झालेले एक संयुग उंदरांना दिले असता असिटिलकोलिन वाढल्याची लक्षणे दिसू लागली. त्याचा प्रभाव क्षीण होता, पण धागा हाती लागला. त्यानंतर सुमारे ७०० संयुगे तयार करण्यात आली. त्यांतील एक तर मूळ संयुगाच्या २१,००० पट प्रभावी निघाले. मात्र ते शरीरात नीट शोषले जात नव्हते व फार काळ टिकतही नव्हते. एवढ्या परिश्रमाचे फळ बाजूला ठेवण्यास धैर्य लागते! जे अखेर स्वीकारले गेले, ते डोनेपेझिल, प्रयोगनळीत त्याहून कमी प्रभावी होते. पण ते मेंदूपर्यंत पोहोचते आणि दिवसातून एकदा घेतले तरी पुरते. रचनेतील कोणत्या बदलाने काय साधले, याचा तपशील या गटाने १९९५ मध्ये 'जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री'मध्ये प्रसिद्ध केला. अमेरिकेत १९९६ मध्ये आणि जपानमध्ये १९९९ मध्ये औषधास मान्यता मिळाली. तोवर सुगिमोतो यांच्या मातोश्री हयात नव्हत्या.

हे औषध रोग बरा करीत नाही. काही रुग्णांची स्मृती व दैनंदिन व्यवहार काही काळ सावरले जातात, इतकेच. मळमळ, जुलाब, नाडी मंदावणे असे त्रासही संभवतात. म्हणून वैद्यकीय देखरेख अनिवार्य होय. एझाईच्याच सहभागातून आलेले लेकॅनेमॅब मेंदूत साचणारे अमायलॉइड हटविते. सुमारे १,८०० रुग्णांच्या १८ महिन्यांच्या चाचणीत ऱ्हासाची गती २७ टक्क्यांनी कमी आढळली आणि २०२३ मध्ये अमेरिकेत त्यास पूर्ण मान्यता मिळाली. तथापि ते केवळ प्रारंभीच्या अवस्थेसाठी आहे आणि मेंदूत सूज वा रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने वरचेवर एमआरआय करावा लागतो.

भारतात साठ वर्षांवरील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. यांतील अनेकांचे निवृत्तिवेतन बँकेत जमा होते. स्वाक्षरी न जुळणे, एकच रक्कम काढण्यास दोनदा येणे, या गोष्टी कधी कधी घरच्यांआधी खिडकीपलीकडील कर्मचाऱ्यांच्या लक्षात येतात. औषधाने लाभलेल्या अवधीत नामनिर्देशन, संयुक्त खाते, मृत्युपत्र ही कामे रुग्णास स्वतःच्या इच्छेने करता येतात. मुखत्यारपत्रावर मात्र पूर्णतः विसंबता येत नाही. ते देणारी व्यक्ती मानसिकदृष्ट्या अक्षम झाली, की भारतीय करार अधिनियमाच्या कलम २०१ नुसार मुखत्यारी संपुष्टात येते आणि कुटुंबियांना बहुधा न्यायालयाकडे धाव घ्यावी लागते.