पायथनमध्ये सिल्लोड आणि पैठणचा रकाना जुळत का नाही?

आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या 9 तालुक्यांची यादी पायथनमध्ये छापून बघा. प्रिंट लिहायचं, कंसात अवतरणचिन्हं घालून नाव द्यायचं, की मराठी स्वच्छ उमटतं. खरी गंमत शेजारी दुसरा रकाना जोडताना सुरू होते.

पैठण आणि सिल्लोड, वाचताना दोन्ही तीन अक्षरी. पण ‘लेन’ने लांबी विचारा: पैठण 4, सिल्लोड 7! पायथन 3 अक्षरं मोजत नाही, युनिकोडची चिन्हं मोजतं: स, वेलांटी, ल, हलन्त, पुन्हा ल, ओकार, ड. म्हणून ‘एलजस्ट’कडे 10 ची रुंदी मागितली की पैठणपुढे 6 मोकळ्या जागा पडतात, सिल्लोडपुढे फक्त 3. रकाना वाकडा होणारच.

माझं ऐकाल तर मोकळ्या जागांच्या नादी लागूच नका. प्रिंटच्या ‘सेप’मध्ये स्वल्पविराम द्या आणि ‘फाइल’मध्ये उघडलेली सीएसव्ही फाइल. फाइल उघडताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-8-सिग’ ठेवा. नुसतं यूटीएफ-8 ठेवलं तर एक्सेलमध्ये बऱ्याचदा मराठीच्या जागी अगम्य खुणा दिसतात. रकाने एक्सेल जुळवतं, कन्नड, फुलंब्री, सोयगावसकट.