टायमिंग बेल्ट वेळेवर बदला

क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्ट यांना जोडणारा टायमिंग बेल्ट अनेक मोटारींत रबरी असतो. तो तुटला तर पुष्कळ इंजिनांत पिस्टन आदळून व्हॉल्व वाकतात आणि हेड खोलावे लागते. बेल्ट बहुधा इशारा न देता तुटतो. म्हणून कंपनीच्या पुस्तिकेतील किलोमीटर किंवा वर्षे, जे आधी भरेल ते पाळावे. ऑईल गळत असल्यास सील बदलावे, टेन्शनरही नवा टाकावा. खुणा जुळवून इंजिन हाताने दोन फेरे फिरवावे, खुणा पुन्हा पाहाव्यात. मगच स्टार्टर मारावा. चेन असलेल्या थंड इंजिनात सुरुवातीला खडखड आली, तर ऑईल, चेन व टेन्शनर तपासावे.

गिऱ्हाईकाची गाडी म्हणजे अमानत. काढलेला बेल्ट त्याला दाखवावा, बिलावर तारीख व किलोमीटर लिहावेत. धंद्याची बरकत सचोटीतच आहे.