काळा डबा, खरखरीत पट्टी

पावसाळ्यात डेंग्यूवर लिही, असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा डोळ्यांपुढे आला तो धुराचा पंप. पालिकेचा माणूस गल्लीत शिरतो, पांढरा धूर उठतो, खिडक्या धडाधड बंद होतात आणि सोसायटीला काहीतरी झाल्याचं समाधान मिळतं. धुराने मरतो तो उडणारा डास. डबक्यातल्या अळीला त्याचं काहीच नाही. वाचत गेलो, तसा धूर मागे पडला आणि एका काळ्या डब्यापाशी अडकलो.

याला ओव्हीट्रॅप म्हणतात. अर्धा लिटरभराचं काळं भांडं, निम्म्यापर्यंत पाणी आणि कडेला चिमट्याने उभी लावलेली हार्डबोर्डची पट्टी. मोटर नाही, बॅटरी नाही. अमेरिकेने 1964 मध्ये डेंग्यू पसरवणाऱ्या इडिस इजिप्ती डासाच्या निर्मूलनाची मोहीम काढली, त्या काळात फे नावाचे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मादी अंडी कुठे घालते याचे प्रयोग केले. 1965-66 च्या सुमारास हा डबा त्यातूनच आला. पुढे पोर्तो रिकोत पॉल रायटर यांनी साध्या पाण्याऐवजी वाळकं गवत कुजवलेलं पाणी वापरलं, तर अंडी कितीतरी जास्त मिळाली.

सगळी करामत त्या पट्टीत आहे. इडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओल्या खरखरीत जागी ती एकेक करून चिकटवते. म्हणून पट्टीची खरखरीत बाजू आतल्या अंगाला ठेवतात. घातलेलं अंडं पांढरं असतं, काही तासांत काळं पडतं. घरच्या गॅलरीत कुंड्यांच्या आड असा एक डबा मांडून पाहिला. पट्टी भिंगाखाली धरली, तर पाण्याच्या रेषेला समांतर, मिरपूड भुरभुरावी तसे ठिपके. जवळून प्रत्येक ठिपका लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. कोरडं पडलं तरी हे अंडं महिनोन् महिने टिकतं आणि पाणी चढलं की अळी बाहेर येते. मेमधली रिकामी बादली जूनमध्ये डास देते, ती अशी. मी पट्टी उकळत्या पाण्यात बुडवली, तेव्हा कुठे झोप लागली.

मुंबईत शोध चालतो तो मुख्यतः अळीचा. कीटकनाशक विभागाची माणसं अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपर-मुलुंडच्या चाळींतून पिंपं, टायर, कुंड्यांखालच्या ताटल्या, मनी प्लांटच्या बाटल्या, छपरावरच्या ताडपत्रीच्या घड्या उपसत हिंडतात. डासांची पैदास सापडली, तर 1888 च्या महापालिका कायद्याच्या 381 व्या कलमाखाली नोटीस निघते. काम कष्टाचं आणि मोलाचं आहे, पण जिथे माणूस पोहोचतो तिथलंच दिसतं. बंद फ्लॅटमधल्या फ्रीजमागचा ट्रे कोण तपासणार? डब्याकडे मात्र मादी स्वतः चालून येते. डास कमी असतानाही तो त्यांचा माग देतो, आणि मला त्याचं खरं कौतुक आहे ते यासाठी. हाँगकाँगमध्ये शंभरातल्या किती डब्यांत अंडी वा अळ्या मिळाल्या, यावरून 2020 पर्यंत वस्तीवस्तीचा निर्देशांक जाहीर होत असे. तो 40 टक्क्यांवर गेला की सर्वांत वरची पातळी धरत. सिंगापूरने तर आत चिकट कागद लावून मादीच पकडायला सुरुवात केली.

मग उपनगरांत हे डबे गल्लोगल्ली का लावू नयेत? इथे कौतुक जरा आवरावं लागतं. पहिली अडचण स्पर्धेची. जिथे भंगाराच्या दुकानापुढे टायरांची रास आहे, तिथे आपल्या एका डब्याचा काय पाड? मादी एकाच वेळची अंडी चार ठिकाणी वाटून घालते, त्यामुळे ठिपके मोजून डास किती हे कळत नाही. आहेत की नाहीत, वाढतायत की घटतायत, एवढंच कळतं. शिवाय अंड्यावरून जात ओळखणं कठीण. राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या बोरिवली-मुलुंडच्या भागात झाडांच्या ढोलींत वाढणारा इडिस अल्बोपिक्टसही त्याच पट्टीवर बसणार. मग अंडी उबवा, अळ्या वाढवा, तेव्हा नाव कळणार. जुलैच्या पावसात डबा भरून वाहतो, म्हणून वर भोक पाडावं लागतं. आणि सर्वांत वाईट म्हणजे विसरलेला डबा. अंड्यापासून डास व्हायला आपल्याकडे आठ-दहा दिवस पुरतात. आठवडा चुकला की सापळ्याचा पाळणा झाला.

त्यात मलेरियाचा डास या डब्याला भीक घालत नाही. अ‍ॅनॉफिलिस स्टीफेन्सीची अंडी पाण्यावर तरंगतात आणि तिला विहिरी, टाक्या हव्या असतात. 1911 मध्ये मलेरियाचे अभ्यासक बेंटले यांनी मुंबईच्या मलेरियाचा अहवाल दिला, तेव्हा बोट विहिरींकडे होतं. त्या बुजवण्यावरून शहरात केवढा वाद झाला. आता विहिरींची जागा गच्चीवरच्या टाक्यांनी घेतली आहे. म्हणजे डबे लावले तरी शिडी चढून झाकण बघणं सुटत नाही. झाकणाला कुलूप, किल्ली सेक्रेटरीकडे आणि सेक्रेटरी गणपतीला गावी.