खताच्या रिकाम्या थैल्यांच्या घरगुती वस्तू

पेरणी व वरखताची घाई संपली की गोठ्याच्या कोपऱ्यात खताच्या रिकाम्या थैल्यांचा ढीग साचतो. नांदेड-लातूरकडे या थैल्या सहसा वाया जात नाहीत. घरातील बाया दाभण घेऊन त्यांची बसकरे, बाजाराच्या पिशव्या, खळ्यावरचे तळवट आणि पावसाळी खोळ करतात. ही कला आम्ही शिकवावी असे नाही, ती तुमच्या घरातच आहे. मात्र थैली हाती घेताना काही चुका होतात व त्या महागात पडतात.

पहिली बाब धुण्याची. युरियाची रिकामी दिसणारी थैली रिकामी नसते. शिवणीत व आतल्या अस्तराच्या घडीत दाणे अडकून राहतात. युरिया पाण्यात चटकन विरघळतो. गुरांच्या हौदावर थैल्या धुतल्या किंवा धुण्याचे पाणी बादलीत तसेच राहिले, तर तहानलेले जनावर ते पिऊन टाकते. पोटात युरियापासून अमोनिया तयार होऊन रक्तात मिसळतो. तासाभराच्या आतच लाळ गळणे, अंग थरथरणे, पोट फुगणे, झोकांड्या जाणे अशी लक्षणे दिसतात आणि जनावर दगावू शकते. अशा वेळी घरगुती उपचारात वेळ न घालविता पशुवैद्यकास बोलवावे. एका वस्तीवर आम्ही बैलाच्या पाठीवर थैल्यांची झूल पाहिली. शिवण सुबक होती, पण थैल्या न धुताच शिवलेल्या, आणि शेजारची गाय ती झूल चाटत होती! तेव्हा थैली उलटी करून, हौदापासून दूर, तीन पाण्यांनी धुवावी. ते पाणी पिकाला किंवा झाडाच्या आळ्यात टाकावे. थैली सावलीत वाळवावी.

थैलीचे तोंड विळ्याने कापू नये. शिवणीच्या योग्य टोकाचा दोरा ओढला की ती सरसर उसवते, आणि तो दोरा पुढे शिवायला कामी येतो. थैली साधारण दोन फूट रुंद व तीन फूट लांब असते. बाजूने उकलली की चार बाय तीन फुटांचा तुकडा मिळतो. बारा फूट लांबी-रुंदीच्या तळवटाला शिवणीत जाणारा भाग धरून पंधरा थैल्या लागतात. कापलेल्या कडेच्या पट्ट्या सुटतात, म्हणून कड दोनदा दुमडूनच शिवावी. (युरियाची थैली १ मार्च २०१८ पासून ५० ऐवजी ४५ किलोची झाली आहे. थैल्या मोजून खताची मात्रा ठरविणाऱ्यांनी हे विसरू नये.)

हे कापड उन्हाला टिकत नाही. सोयाबीनची गंज पावसात चार दिवस झाकायला ते चालेल, परंतु वर्षभर छपरावर टाकले तर कडक होऊन त्याचा भुगा होतो. तो मातीत व कडब्यात मिसळतो आणि गुरांच्या पोटात जातो. काम झाले की घडी करून सावलीत ठेवावे.

घरचे सोयाबीन बियाणे मात्र या थैल्यांत भरू नये. सोयाबीनचे टरफल पातळ असते. हवा न खेळणाऱ्या थैलीत ओल कोंडते व उगवण घटते. त्यासाठी ज्यूटचे पोतेच वापरावे, आणि पोत्यांची थप्पी चार-पाचपेक्षा उंच लावू नये. थैली कितीही धुतली तरी खाण्याचे धान्य व पीठही तिच्यात ठेवू नये.

शेवटी कीटकनाशकांचे डबे व बाटल्या. यांची कोणतीच वस्तू करू नये, शोभेची कुंडीसुद्धा नाही. थिरम, कार्बेन्डाझिमसारखी औषधे लावलेल्या बियाण्याच्या पिशवीलाही हेच लागू आहे. कीटकनाशके नियम, १९७१ प्रमाणेही रिकामी वेष्टने पुन्हा वापरली जाणार नाहीत याची काळजी घ्यावी लागते. फवारणी करतानाच डबा तीनदा विसळून ते पाणी पंपात ओतावे. नंतर डब्याला खिळ्याने भोके पाडून, वस्ती व विहिरीपासून दूर, तो खोल पुरावा. भोके आधी पाडावीत, नाहीतर धड दिसणारा डबा कोणीतरी रॉकेलसाठी घरी नेतोच.